ठिपका खात नाही

फ्रिजवाले काका दुखणं हाताने ओळखतात. फ्रिजमागची एक नळी गरम लागायला हवी, दुसरी गार. दोन्ही कोमट लागल्या की ते मान हलवतात. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरवर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. अर्ध्या मिनिटात काय गेलंय ते सांगतात. दाराच्या रबराची परीक्षा कागदाच्या पट्टीने. पट्टी दारात धरायची, दार लावायचं, पट्टी ओढायची. सहज सुटून आली तर रबर गेलं. एकतीस वर्षं ते हेच करत आलेत आणि सहसा चुकत नाहीत.

म्हणून ठिपक्याच्या बाबतीत ते इतके कसे चुकले, याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

मी त्यांच्या दुकानावरच्या खोलीत राहते. पुस्तकांची प्रुफं तपासते. आमची ओळख माझ्या फ्रिजमुळे झाली. मी खाली जाऊन म्हटलं, "काका, फ्रिज थंडी करत नाहीये."

"कुठलाच करत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"थंडी बनवता येत नाही. आतली उष्णता काढून बाहेर फेकायची. मागे जे उरतं त्याला लोक थंडी म्हणतात. शिकलीस काय?"

"साहित्य. एम.ए."

"मग चालायचंच."

तेव्हापासून मी पंडितबाई झाले. संध्याकाळी डोळे दुखायला लागले की मी खाली जाऊन बसायचे. काका काम करायचे. मी उलट्या घातलेल्या भाजीच्या ट्रेवर बसायचे. आम्ही फार बोलायचो असं नाही.

दुकान लांबट आहे. भिंतीला फ्रिजची सुटी दारं टेकवून ठेवलेली असतात. काही दारांवर अजून त्या त्या घरातले कागद चिकटलेले असतात. "दूध. अंडी. बाबांच्या गोळ्या." काका ते काढत नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दाराला गिऱ्हाईक मिळालं की काढीन. तोवर राहू दे." एका खणात नुसते थर्मोस्टॅटचे खटके आहेत, दीडेकशे. कुठला कशाचा ते त्यांना न बघता कळतं. दुकानाच्या मागे पडदा, पडद्यामागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खिडकीपाशी काकूंचं शिवणयंत्र. काकू लोकांचे कपडे सैल किंवा घट्ट करून देतात. "माणसं एका मापात राहत नाहीत तोवर माझं बरं आहे," असं त्या म्हणतात.

त्यांना एकच मुलगी. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिने गेल्या वर्षी एक पाल आणली.

भिंतीवरची नव्हे. दूरच्या कोरड्या मुलखातली जात. पिवळट अंगावर काळे ठिपके, जाड शेपूट, डोळ्यांना पापण्या. ही पाल भिंतीवर चढू शकत नाही. जमिनीवरच चालते, तीही विचार करून पाऊल टाकल्यासारखी. आणली तेव्हा माझ्या मधल्या बोटाएवढी होती. लेकीने नाव ठेवलं ठिपका. नर की मादी हे इतक्यात कळत नाही म्हणाली, पण सगळे "तो"च म्हणायला लागले.

काकूंनी पहिल्या दिवशी पदर तोंडाला लावला. "लोक झाडू घेऊन पाली हाकलतात. आमच्याकडे पालीला गादी घातलीय."

"आई, गादी नाही. गरम चटई आहे. खालून ऊब लागते."

"मला कंबरदुखीला कधी आणली नाहीस ती."

"आणि ही चुकचुकत पण नाही, बघ."

"चुकचुकत नाही, भिंतीवर चढत नाही. मग पाल म्हणून काय कामाची?"

काका काचेच्या पेटीसमोर वाकले होते. चटईची वायर बघत होते. ती चिकटपट्टीने पेटीच्या तळाला चिकटवलेली होती. काकांना चिकटपट्टी सहन होत नाही.

मग लेकीला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं. तिथल्या वसतिगृहात माणसांनाच जेमतेम जागा. ठिपका काकांच्या हवाली झाला. लेकीने एक कागद लिहून भिंतीला लावला. रोज संध्याकाळी तीन रातकिडे, लहान. पाणी बदलणे. ऊन थेट नको. सारखं हातात घेऊ नये. उबदार बाजू ३२ अंश. हे शेवटचं तिने दोनदा अधोरेखित केलं.

निघताना बॅग उचलून ती दारात थांबली. "बाबा, काही झालं तर मला सांगायचं. सशासारखं नको."

काका म्हणाले, "नाही गं."

सशाचं मला काकूंनी नंतर सांगितलं. लेक नऊ वर्षांची असताना शाळेच्या सहलीला गेली होती. घरी ससा होता. काकांनी त्याला ऊन लागू नये म्हणून दुकानात आणला आणि त्याने तिथे काहीतरी कुरतडून खाल्लं. ती परत आली तेव्हा काकांनी सांगितलं, एका मित्राच्या मळ्यावर पाठवलाय, तिथे त्याला भावंडं आहेत. तिने त्या भावंडांना नावं ठेवली. ती सातेक वर्षं विचारत राहिली, ससा कसा आहे. काका सांगत राहिले, मजेत आहे. सोळाव्या वर्षी तिला कळलं. ती रडली नाही. तीन दिवस बापाशी बोलली नाही. तेव्हापासून त्यांच्या घरात "सशासारखं सांगणं" म्हणजे समोरच्याच्या भल्यासाठी मारलेली थाप.

ती गेल्यावर आठवड्याभरात काकांनी ठिपक्यासाठी घर बांधायला घेतलं.

दुकानात एक मोडीत निघालेला बाटल्यांचा फ्रिज होता. पुढे काचेचं दार, बाकी तिन्ही बाजूंना जाड अस्तर. काकांनी तो बुटका फ्रिज पुसून घेतला. आतली गार पडणारी कॉइल काढली. कॉइल जिथे होती तिथे, छताला, जाळीच्या आत हीटर बसवला. शेजारी तापमानाचा संवेदक. बाहेर आकड्यांची छोटी लाल पाटी. तळाला फरशी घातली, वर दगड मांडले, लपायला एक फुटकं मडकं. दाराचं रबर नवीन. हवेसाठी भोकं पाडून त्यांच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. चिकटपट्टी कुठेही नाही. दहा दिवस ते यात होते. गिऱ्हाइकांना म्हणायचे, परवा या.

"तिला सांगितलंत?" मी विचारलं.

"आल्यावर बघेल. तोंड उघडंच राहील तिचं."

जुनी पेटी आणि चटई त्यांनी माळ्यावर टाकली आणि नवं घर दुकानाच्या टोकाला, पडद्यालगत ठेवलं. नव्या घरात हीटर चालू केला. लाल आकडा चढत चढत बत्तीसवर आला आणि खटका पडला. जरा उतरला की पुन्हा चालू. काकांनी तासभर घड्याळ लावून बघितलं. "अर्ध्या अंशाचा फरक नाही," म्हणाले. मग ठिपक्याला ओंजळीत धरून आत सोडलं.

पहिल्या दिवशी ठिपक्याने एक रातकिडा खाल्ला. दुसऱ्या दिवशी एक मारला आणि टाकून दिला. तिसऱ्या दिवसापासून काहीच नाही.

"जागा नवीन आहे," काका म्हणाले. "बिचकला असेल."

लेकीचा रोज संध्याकाळी मेसेज यायचा. काकांची बोटं जाड आहेत, त्यांना फोनवर लिहायला जमत नाही. लेक गेल्यापासून ते सांगायचे आणि मी लिहायचे. त्या दिवशी मेसेज आला, "खाल्लं का?"

काका स्क्रूड्रायव्हर पुसत होते. "लिही, खाल्लं."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"उद्या खाईल. उगाच तिला तिकडे घोर. लिही."

मी लिहिलं. नुसतं "खाल्लं" मला कोरडं वाटलं. म्हणून मी लिहिलं, "खाल्लं. आता निवांत पहुडला आहे."

तिथून ते सुरू झालं. फोटो मागितला की काका म्हणायचे, अगदी जवळून काढ, मागचं काही दिसायला नको. कारण मागे नवं घर होतं. न खाल्ल्याचं सांगायचं तर घराचंही सांगावं लागलं असतं. मी फोटो काढायचे, खाली एक ओळ लिहायचे. मला ते जमत होतं, हे मला मान्य करायला हवं. एकदा मी लिहिलं, "ठिपका आपल्या दिनक्रमाशी एकरूप झाला आहे." ठिपक्याने तेव्हा आठ दिवस तोंडाला काही लावलं नव्हतं.

काका स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी रातकिड्यांची जात बदलली. मग आकार बदलला. मग अळ्या आणल्या. अळ्यांचा डबा काकूंनी पोह्यांचा समजून उघडला, त्यानंतर दोन दिवस त्या घरात फक्त शिवणयंत्राचा आवाज होता. एक मोठा रातकिडा सुटला आणि डीप फ्रीझरच्या मागे जाऊन ओरडायला लागला. एक बाई दुरुस्त झालेला फ्रिज न्यायला म्हणून आल्या आणि आवाज ऐकून म्हणाल्या, "अजून किरकिर येतेय की हो याला." काकांनी त्यांच्यासमोर फ्रिजची वायर काढून दाखवली. किरकिर चालूच. बाई फ्रिज न घेता गेल्या.

मग काकांना एक युक्ती सुचली. ठिपक्याला पळणारा किडा पकडता येत नसेल. त्यांनी रातकिडे एका वाटीत घालून दोन मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवले. बाहेर काढले तेव्हा ते जेमतेम पाय हलवत होते.

"बघितलंस?" काका मला म्हणाले. "गार पडलं की सगळं मंदावतं. पाय मंद, पोट मंद, डोकं मंद. आता याच्यापुढून पळून तरी कुठे जातील?"

त्यांनी ते एकेक करून ठिपक्यासमोर ठेवले. ठिपक्याने मान वळवायला बराच वेळ घेतला. बघितलं. पुन्हा डोळे मिटले. रातकिडे थोड्या वेळाने उबले आणि हीटरच्या जाळीकडे चढून गेले.

मी हे सगळं शेजारी बसून बघितलं. काकांचं ते वाक्यही ऐकलं. मला काही सुचलं नाही. त्यांनाही नाही.

प्राण्यांच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघं गेलो. रांगेत एक बोका आणि दोन कुत्री. काकांनी बुटांच्या खोक्यात ठिपक्याला आणलं होतं. डॉक्टरांनी झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"मी कुत्र्यामांजरांचा," ते म्हणाले.

"पोट पोटच असतं ना साहेब," काका म्हणाले.

डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं, पोट हळूच चाचपलं. तोंडात जखम नाही, पोटात काही अडकलेलं नाही. "ऊब आहे ना नीट?"

"बत्तीस. अर्ध्या अंशाचा फरक नाही."

"मग वाट बघा. वजन करत जा."

काकूंचा साखर मोजायचा छोटा काटा त्यासाठी लागला. काकूंनी विरोध केला, मग काट्यावर ठेवायला स्वतःच कापडाचा चौकोन शिवून दिला. लेक गेली तेव्हा सतरा ग्रॅम, तसं तिने कागदावर लिहून ठेवलं होतं. डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी पंधरा. चार दिवसांनी चौदा. शेपूट बारीक व्हायला लागली. या पाली चरबी शेपटीत साठवतात, हे कागदावर लिहिलेलं होतं. जाड शेपूट म्हणजे बरं चाललंय. काका रोज शेपटीकडे बघायचे आणि कागदावरची तेवढी ओळ वाचायचे.

एक गोष्ट काकूंच्या लक्षात आली. "हा सारखा उभा का राहतो?" ठिपका पुढचे पाय काचेला लावून, मान वर ताणून उभा राहायचा. थकला की घसरून खाली यायचा. पुन्हा उभा.

"चढायला शिकतोय," काका म्हणाले.

"तुमचीच लेक म्हणाली ना, याला चढता येत नाही."

"म्हणून तर शिकतोय."

ते मी लेकीला कळवलं. "ठिपका आता उभा राहतो." तिने टाळ्यांची चित्रं पाठवली.

खाणं सुटल्याच्या एकोणिसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, वजन तेरा भरलं. काका काट्यासमोर उकिडवे बसले होते. तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा मेसेज. मी मोठ्याने वाचला.

"बाबा, एक सांगायचं होतं. जाताना मला धाकधूक होती. वाटलं होतं तुझ्याने होणार नाही. तसं वाटलं म्हणून सॉरी. किती छान सांभाळतोयस. मी इथे सगळ्यांना तुझे मेसेज वाचून दाखवते."

काकांनी ठिपक्याला कापडासकट उचलून आत ठेवलं. दार लावलं. कपाळ काचेला टेकवलं आणि तसेच राहिले. काकू यंत्रापाशी होत्या. त्यांनी पाय थांबवला.

"काय लिहू?" मी विचारलं.

"काही नको. फोन लाव. तोंड दिसतं तसला."

"मी वर जाते."

"बस इथेच. तूही आहेस यात."

लेकीने फोन उचलला. केस ओले होते तिचे. "काय रे, आज फोन?"

"ठिपका खात नाहीये," काका म्हणाले.

"कधीपासून? कालपासून?"

"एकोणीस दिवस."

फोनमध्ये मागे कुणीतरी बादली सरकवली.

"तू रोज मला सांगत होतास," ती म्हणाली.

"हो."

"रोज."

"हो."

"वजन?"

"तेरा."

तिने तोंडावर हात ठेवला. काकू मागून म्हणाल्या, "अगं, तुला घोर लागू नये म्हणून—"

"आई, तू थांब. बाबा, आणि ते लिहीत कोण होतं? दिनक्रमाशी एकरूप. पहुडला आहे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. तू आयुष्यात कधी पहुडला आहेस का?"

मी फोन धरून होते, म्हणजे ती माझ्याकडेच बघत होती असं म्हणायला हरकत नाही. काकांनी माझं नाव घेतलं नाही. म्हणाले, "सांगितलं मीच."

"पेटी दाखव."

"पेटी माळ्यावर आहे."

"माळ्यावर? मग तो कुठे आहे?"

मी फोन फिरवला. तिने ते घर पहिल्यांदा बघितलं. काचेचं दार, दगड, मडकं, लाल आकडा. ती एकेक गोष्ट बघत गेली. त्या वेळात काका सांगत गेले. अस्तर किती जाड, रबर कुठलं, भोकांच्या कडा कशा घासल्या. आवाज हळूहळू बारीक होत गेला.

"हीटर कुठाय?" तिने विचारलं.

"वर. कॉइलच्या जागी."

"आणि तो आकडा कुठला?"

"तोही वरचा. बत्तीस. तूच लिहिलंयस."

"बाबा, तो वर राहतो का? तो जमिनीवर राहतो. त्याला पोटाखालून ऊब लागते, नाहीतर खाल्लेलं पचत नाही. पचत नाही म्हणून तो खात नाही. जमीन किती आहे?"

काकांनी लाल आकड्याकडे बघितलं.

"फरशीला हात लाव."

काकांनी दार उघडलं. मडकं बाजूला केलं. तळवा फरशीवर पूर्ण टेकवला. ठिपका त्यांच्या मनगटाशी आला आणि हनुवटी त्यावर ठेवून थांबला. काका तसेच वाकलेले राहिले.

"गार आहे," ते म्हणाले.

थोड्या वेळाने म्हणाले, "थंड हवा खाली येते. म्हणून कॉइल वर बसवतात. एकतीस वर्षं वरच बसवली." मग माझ्याकडे, की काकूंकडे, बघून म्हणाले, "मी इथे हातच लावला नव्हता गं. आकडा बघत बसलो."

लेक रडत होती. रागाने की कशाने, ते मला सांगता येणार नाही. "मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, खाल्लं का. नाही म्हणाला असतास तर मी पहिल्याच दिवशी जमीन विचारली असती."

काकांनी मनगट हळूच सोडवून घेतलं.

"चटई आहे का अजून?"

"आहे. टाकली नाही."

"ती लाव. संवेदक फरशीवर चिकटव. आणि यापुढे मेसेज नको. फोन करायचा, आणि तूच बोलायचं."

तिने फोन ठेवला.

काका शिडी घेऊन माळ्यावर चढले. चटई फरशीखाली घातली. संवेदक छतावरून काढून फरशीवर आणला. तो तिथे धरून ठेवायला त्यांच्याकडे हवी तशी पट्टी नव्हती. त्यांनी काकूंच्या खणातून चिकटपट्टी घेतली आणि चिकटवली. लाल पाटीवर बावीस आला. इतके दिवस खाली तेवढंच असणार. तो चढून बत्तीसवर येईपर्यंत आम्ही तिघं जमिनीवर बसून होतो. मग काकांनी पुन्हा तळवा ठेवून बघितला. त्यानंतर दिवसातून कितीदा तरी ते दार उघडून तळवा ठेवत. गिऱ्हाईक समोर असलं तरी.

ठिपका उभा राहायचा थांबला. फरशीवर पोट टेकून, पाय पसरून पडून राहायला लागला. दोन दिवसांनी काकूंनी पडद्यापासून हाक मारली, "अहो, शी केली त्याने!" काका हातातली नळ्या सांधायची ब्रेझिंगची बत्ती विझवून धावले. गिऱ्हाईक म्हणालं, नातवाचं अभिनंदन.

खाणं मात्र नाही. रोज सात वाजता काका फोन करायचे. "नाही खाल्लं." "बरं." "वजन तेरा." "बरं." एवढंच. ती जास्त बोलायची नाही. काकाही फोन ठेवून लगेच कामाला लागायचे नाहीत. पाचव्या दिवशी वजन साडेबारा झालं. तेही त्यांनी सांगितलं. मी काटा बघितला होता. बारा आणि तेराच्या मधे आकडा उडत होता. तेरा म्हणाले असते तरी ते खोटं झालं नसतं.

"साडेबारा," ते म्हणाले.

पलीकडे तिने आकडा पुन्हा म्हटला. मग, "बरं."

त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. पोटात गडबड आहे म्हणाल्या.

सहाव्या दिवशी संध्याकाळी काकांनी तीन लहान रातकिडे सोडले. आता ते फ्रीझरमध्ये ठेवत नसत. एक रातकिडा फरशीवरून पळाला. ठिपक्याने मान वळवली, या वेळी झटकन. शेपटीचं टोक थरथरलं. मी फोन काढेपर्यंत पहिला गेला होता. दुसरा मडक्याच्या काठावर चढत होता, तोही गेला. फोटो निघाला तो तोंड मिटलेल्या ठिपक्याचा. त्यात काहीच कळत नव्हतं. गेल्या महिन्यात आम्ही पाठवलेल्या फोटोंसारखाच तो दिसत होता.

काकांनी तो बघितला. "हा नको पाठवू," म्हणाले. आणि फोन माझ्याकडून घेऊन स्वतःच बोटांनी नंबर लावला. दोनदा चुकला.

"खाल्लं," ते म्हणाले.

काकू पडद्यातून अर्ध्या बाहेर आल्या होत्या, हातात कुणाची तरी विजार. हेच वाक्य लेकीने पुष्कळ दिवस वाचलं होतं.

"किती?" तिने विचारलं.

"दोन. तिसऱ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. तो त्याच्या शेपटीवर बसलाय आता. हा ढिम्म."

"शेपटीवर?"

"हो. मिशा हलवतोय."

ती हसली का, मला नीट ऐकू आलं नाही. श्वास सोडल्यासारखं काहीतरी आलं.

"थाप असती तर तू तीन म्हणाला असतास," ती म्हणाली. "बाबा, आधी तो शेपटीवरचा काढ. राहिला तर चावे घेतो."

काकांनी फोन माझ्या हातात कोंबला, दार उघडलं, हात घातला. रातकिडा मुठीत घेऊन ते मागे वळले. "सांग तिला, काढला."

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं, आणि फोन त्यांच्या कानाशी धरला.

"काढला गं," काका म्हणाले.